क्रेडिट कार्डावरील टिप

उपाहारगृहाचे बिल कार्डाने चुकते करताना वेटरसाठी त्याच कार्डावर जी ऐच्छिक रक्कम दिली जाते, तिला क्रेडिट कार्डावरील टिप म्हणतात. (मराठीतील ‘टीप’ म्हणजे टिपण, या शब्दाशी तिचा संबंध नाही, टिपसाठी मराठीत ‘बक्षिसी’ हा जुना शब्द आहे.) अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पारंपरिक पद्धतीनुसार ग्राहक ही रक्कम छापील पावतीवर हाताने लिहितो, आणि उपाहारगृहातील कर्मचारी ती पुढे संगणकात भरतात. तोपर्यंत ग्राहक बहुधा घरी पोहोचलेला असतो. त्यामुळे कार्डावर प्रत्यक्षात किती रक्कम पडली हे त्याला पहिल्यांदा दिसते ते खात्याच्या विवरणपत्रातच. विवरणपत्र तपासण्याच्या सवयीला अमेरिकेत जे महत्त्व आहे, त्याचे एक कारण या पद्धतीत सापडते.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, यादवी युद्धानंतरच्या काळात, टिपची प्रथा अमेरिकेत पसरली. तिला विरोधही झाला. वॉशिंग्टन राज्याने १९०९ साली टिप देण्याघेण्यावर बंदी घालणारा कायदा केला आणि आणखी सहा राज्यांनी त्याचे अनुकरण केले. परंतु १९२६ पर्यंत हे सर्व कायदे रद्द झाले. विल्यम स्कॉट यांचे ‘द इचिंग पाम’ हे १९१६ सालचे पुस्तक त्या विरोधाची साक्ष देते.

पुढे टिप ही केवळ सौजन्याची बाब न राहता वेतनाचा भाग झाली. १९३८ च्या ‘फेअर लेबर स्टँडर्ड्‌स ॲक्ट’ या कायद्यात १९६६ साली दुरुस्ती झाली आणि कर्मचाऱ्याला मिळालेली टिप किमान वेतनाच्या हिशेबात धरण्याची मुभा मालकांना मिळाली. आज संघराज्याच्या कायद्याने किमान वेतन ताशी ७.२५ डॉलर आहे (२००९ पासून); मात्र टिप मिळवणाऱ्या कर्मचाऱ्याला मालकाने रोख द्यावयाचे वेतन ताशी केवळ २.१३ डॉलर असून हा आकडा १९९१ पासून बदललेला नाही. टिप धरूनही ७.२५ चा पल्ला गाठला नाही, तर उरलेली रक्कम मालकाने भरून द्यावी असे बंधन आहे. अनेक राज्यांनी यापेक्षा अधिक दर ठरवले आहेत. कॅलिफोर्निया, ऑरेगन, वॉशिंग्टन, नेव्हाडा, मोंटाना, मिनेसोटा आणि अलास्का या सात राज्यांत तर टिप वेतनात धरताच येत नाही. उरलेल्या राज्यांत वेटरच्या मिळकतीचा मोठा वाटा पावतीवरील त्या एका ओळीतून येतो. हे ध्यानात न घेता तेथील टिपकडे केवळ खुशी म्हणून पाहणे चुकीचे ठरते.

रोख टिप हातोहात मिळते. कार्डावरील टिप आधी मालकाच्या खात्यात जमा होते. ती मालकाने स्वतःकडे ठेवू नये, व्यवस्थापकांनीही त्यात वाटा घेऊ नये, अशी स्पष्ट तरतूद २०१८ साली संघराज्याच्या कायद्यात करण्यात आली. कार्ड कंपनीला द्यावे लागणारे शुल्क टिपच्या प्रमाणात कापून घेण्यास मात्र संघराज्याच्या नियमांची हरकत नाही. कॅलिफोर्नियात तशी कपात करता येत नाही.

व्यवहाराची पद्धत

भोजन संपल्यावर वेटर बिल आणतो. ग्राहक कार्ड देतो, वेटर ते यंत्राकडे नेतो आणि बिलाच्या रकमेपुरती बँकेची मंजुरी घेतो. या वेळी पैसे प्रत्यक्ष वळते होत नाहीत. बँक तेवढी रक्कम ग्राहकाच्या मर्यादेतून राखून ठेवते. त्यानंतर ग्राहकासमोर पावतीच्या दोन प्रती येतात. उपाहारगृहाच्या प्रतीवर बिलाच्या रकमेखाली दोन ओळी कोऱ्या असतात, एक टिपसाठी आणि दुसरी एकूण रकमेसाठी. ग्राहक त्या भरतो, सही करतो आणि दुसरी प्रत घेऊन निघतो.

पुढचा भाग पडद्याआड घडतो. वेटर, किंवा पाळी संपताना गल्ल्यावरची व्यक्ती, प्रत्येक पावतीवरील टिपचा आकडा संगणकात भरते. रात्री दिवसभरातील सर्व व्यवहार एकगठ्ठा पुढे पाठवले जातात आणि त्यानंतर एक-दोन दिवसांत वाढीव रक्कम ग्राहकाच्या खात्यावर नोंदली जाते. मूळ मंजुरीपेक्षा अधिक रक्कम मागण्याची ही सवलत कार्ड कंपन्यांनी काही मोजक्याच धंद्यांना दिलेली आहे, आणि उपाहारगृहे त्यांत प्रमुख होत.

या पद्धतीमुळे नवख्या ग्राहकाचा एक गैरसमज नेहमी होतो. समजा बिल ४३.१८ डॉलर आहे आणि ७.८८ डॉलर टिप धरून ग्राहकाने ५१.०६ लिहिले. रात्री बँकेच्या ॲपमध्ये ४३.१८ ची प्रलंबित नोंद दिसते, दोन दिवसांनी ५१.०६ ची पक्की नोंद येते आणि क्वचित काही काळ दोन्ही एकदम दिसतात. पैसे दोनदा कापले गेले असे वाटते, पण प्रलंबित नोंद आपोआप गळून पडते. दोन्ही नोंदी पक्क्या झाल्या तरच ती खरी चूक होय.

युरोपात आणि भारतात ग्राहक यंत्रावर स्वतः पिन दाबतो, आणि त्याआधीच रक्कम ठरलेली असते. ब्रिटनमध्ये २००६ पासून पिनची पद्धत सार्वत्रिक झाली. अमेरिकेत चिप असलेली कार्डे २०१५ नंतर रूढ झाली, पण पिनऐवजी सहीच राहिली. २०१८ साली प्रमुख कार्ड कंपन्यांनी सहीची सक्तीही काढून टाकली. तरीही उपाहारगृहांत पावती आणि पेन टिकून राहिले, कारण टिपचा आकडा लिहायला दुसरी जागा नव्हती. टेबलावर आणले जाणारे यंत्र आता तेथेही वाढत आहे. त्यात टिपची टक्केवारी पडद्यावर निवडायची असल्याने अक्षर चुकीचे वाचले जाण्याचा प्रश्न मिटतो. घाईत भलतेच बटण दाबले जाण्याचा प्रश्न मात्र नव्याने उभा राहतो.

चुकांचे प्रकार

सर्वांत साधी चूक हस्ताक्षराची. इंग्रजी १ हा ७ वाटतो, ४ आणि ९ यांची गल्लत होते. दशांशचिन्ह नीट उमटले नाही तर ५.०० डॉलरचे ५०.०० होतात. काही वेळा टिपच्या रकान्यात एकूण रक्कम भरली जाते किंवा एका टेबलाची टिप दुसऱ्याच्या खात्यावर चढते. गर्दीच्या रात्री शंभरावर पावत्या एकापाठोपाठ भरताना हे घडणे अशक्य नाही. यंत्र अडखळल्यास कार्ड पुन्हा फिरवले जाते आणि पहिला व्यवहार रद्द करायचे राहून जाते. कित्येकदा बेरीज चुकलेली असते ती ग्राहकाचीच. अशा वेळी टिपचा आकडा प्रमाण मानायचा की एकूण रकमेचा, याबाबत उपाहारगृहांचा प्रघात सारखा नाही.

आणखी एका प्रकाराला चूक म्हणावे की नाही, हा प्रश्नच आहे. सहा-आठ जणांच्या गटाच्या बिलात अनेक उपाहारगृहे ठरावीक टक्केवारीचे सेवाशुल्क आधीच मिळवतात. ते बारीक अक्षरांत छापलेले असते आणि खालची टिपची ओळ कोरीच असते. ग्राहक ती भरतो आणि दोनदा टिप देतो. २०१२ च्या एका निर्णयाने अमेरिकेच्या महसूल खात्याने असे सक्तीचे शुल्क टिप नसून उपाहारगृहाचे उत्पन्न आहे असे स्पष्ट केले. २०१४ पासून त्याची कसून अंमलबजावणी सुरू झाली. टिप खरी टिप ठरण्यासाठी ती ग्राहकाने स्वेच्छेने दिलेली आणि तिची रक्कम त्यानेच ठरवलेली असावी लागते.

हेतुपुरस्सर केलेली वाढ दुर्मीळ असली तरी अज्ञात नाही. ती सहसा एक-दोन डॉलरांची असते, कारण त्याहून मोठी वाढ नजरेत येते.

चूक उलट्या दिशेनेही होते. १२.०० ची टिप १.२० अशी भरली जाते, किंवा पावतीच हरवते आणि टिप मुळीच भरली जात नाही. विवरणपत्रात कमी रक्कम दिसली म्हणून तक्रार करणारा ग्राहक विरळाच. पण ती तूट ज्याच्या वेतनात पडते त्या वेटरकडे विवरणपत्र नसते. त्याच्या बाजूने ही चूक पाहू शकेल असा माणूस ग्राहकाखेरीज दुसरा कोणी नाही.

विवरणपत्राची पडताळणी

विवरणपत्रात उपाहारगृहाचे नाव, तारीख आणि एकच एकूण रक्कम असते. बिल किती आणि टिप किती, हे त्यात वेगळे दाखवलेले नसते. महिन्याअखेरीस ५१.०६ हा आकडा पाहून तो बरोबर आहे की नाही हे आठवणीवर ठरवणे जवळजवळ अशक्यच. म्हणून स्वतःच्या प्रतीवरही टिप आणि एकूण रक्कम लिहून ती प्रत विवरणपत्र येईपर्यंत जपून ठेवणे हा सर्वांत भरवशाचा उपाय आहे. २००३ च्या एका कायद्यानुसार ग्राहकाला दिलेल्या छापील पावतीवर कार्ड क्रमांकाचे शेवटचे पाचच अंक छापता येतात आणि कार्डाची मुदत छापता येत नाही. त्यामुळे पावती जपण्यात पूर्वीइतका धोका उरलेला नाही.

पावत्या जपण्याचा कंटाळा असणाऱ्या काही ग्राहकांनी एक वेगळी युक्ती वापरली आहे. टिप अशी ठरवायची की एकूण रकमेतच तिची खूण राहील. वरच्या उदाहरणात ५१ डॉलरांच्या अंकांची बेरीज ५ + १ = ६, म्हणून सेंट ०६ ठेवले आणि एकूण ५१.०६ झाले. विवरणपत्रात ६१.०६ दिसले, तर ६ + १ = ७ होतात; सेंट मात्र ०६ च आहेत, म्हणजे कोठेतरी आकडा बदललेला आहे. पावतीची गरज पडत नाही.

ही कल्पना गणितात ‘तपास अंक’ या नावाने ओळखली जाते आणि ती खुद्द कार्डावरच छापलेली असते. क्रेडिट कार्ड क्रमांकाचा शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून काढलेला असतो. ही रीत आयबीएम या कंपनीतील हान्स पीटर लून यांनी शोधली. त्यांच्या यंत्राला १९६० साली एकस्व मिळाले. आधार क्रमांकाचा बारावा अंकही तपास अंकच असतो, मात्र तो व्हरहूफ यांच्या अधिक काटेकोर रीतीने काढतात.

अंकांच्या बेरजेची साधी युक्ती काही बाबतींत दुबळी आहे. डॉलरांतील एकच अंक बदलला तर ती चूक पकडते. पण अंकांची अदलाबदल झाली, उदाहरणार्थ ३६.०९ चे ६३.०९ झाले, तर बेरीज तीच राहते आणि चूक निसटते. टिपमध्ये नेमके ९ डॉलर वाढले तरीही तेच होते: ५१.०६ चे ६०.०६ होतात आणि ६ + ० = ६ हे जुळते. म्हणून काही जण आरशातील प्रतिमेची रीत पसंत करतात. तीत डॉलरांचे अंक उलटे करून सेंट लिहितात, म्हणजे एकूण ५१.१५. यात डॉलर बदलले आणि सेंट तसेच राहिले, तर ती चूक कधीही निसटत नाही, ६०.१५ किंवा १५.१५ पाहताच विसंगती कळते. अन्य टेबलाची रक्कम चढली असेल तर ती योगायोगाने या कसोटीस उतरण्याची शक्यता शंभरात सुमारे एक. शंभर डॉलरांवरील बिलात शेवटचे दोनच अंक उलटवल्यास शतकाचा अंक बिनतपासणीचा राहतो. टिप पूर्ण डॉलरांत देऊन निश्चिंत राहणाऱ्यांना मात्र यातील कोणतेच संरक्षण मिळत नाही.

दोन्ही रीती अक्षराच्या किंवा टंकनाच्या चुकीसाठी आहेत. ग्राहकाने दोनदा दिलेली टिप किंवा दोनदा फिरवलेले कार्ड त्यांना दिसत नाही.

दुरुस्तीचा मार्ग

बहुतेक चुका उपाहारगृहाला केलेल्या एका दूरध्वनीने सुटतात. सही केलेली पावती तेथे ठेवलेली असते. व्यवस्थापक ती काढून पाहतो आणि फरकाची रक्कम कार्डावर परत करतो. बँकेकडे थेट वाद नोंदवला तर बँक तीच पावती उपाहारगृहाकडून मागवते, वेळ जातो आणि उपाहारगृहाला शुल्कही पडू शकते.

उपाहारगृहाने दाद दिली नाही, तर १९७४ चा ‘फेअर क्रेडिट बिलिंग ॲक्ट’ लागू होतो. चुकीची नोंद असलेले पहिले विवरणपत्र पाठवल्यापासून ६० दिवसांच्या आत ग्राहकाची लेखी तक्रार कार्ड देणाऱ्या बँकेकडे पोहोचली पाहिजे. ती विवरणपत्रावर चौकशीसाठी दिलेल्या पत्त्यावर पाठवायची असते, हप्ते भरण्याच्या पत्त्यावर नव्हे. बँकांचे दूरध्वनी आणि ॲप सोयीचे असले तरी कायद्याचे पूर्ण संरक्षण लेखी तक्रारीशी जोडलेले आहे. बँकेने ३० दिवसांत पोच द्यावी आणि दोन बिलचक्रांत, फार तर ९० दिवसांत, प्रकरण निकाली काढावे लागते. तोवर ग्राहक वादातील रक्कम रोखून धरू शकतो. बाकीची मात्र वेळेवर भरावीच लागते. या काळात बँक वादातील रकमेसाठी त्याला थकबाकीदार म्हणून नोंदवू शकत नाही. जेवण बेचव होते किंवा सेवा वाईट होती, ही तक्रार मात्र ‘बिलातील चूक’ ठरत नाही. तिचे नियम निराळे आहेत.

डेबिट कार्डावरील चुकीचा फटका लवकर बसतो, कारण पैसे खात्यातून आधीच गेलेले असतात. त्याला १९७८ चा ‘इलेक्ट्रॉनिक फंड ट्रान्स्फर ॲक्ट’ लागू होतो. त्यातही तक्रारीची मुदत ६० दिवसांचीच आहे.

भारताशी संबंध

महाराष्ट्रातील उपाहारगृहांत बिलासोबत बडीशेपेची ताटली येते आणि उरलेली मोड तिच्यात ठेवून उठणे ही टिप देण्याची जुनी रीत आहे. कार्डाने बिल देतानाही टिप बहुधा रोखच दिली जाते. डेबिट कार्डासाठी दुकानातील यंत्रावर पिनची सक्ती २०१३ च्या अखेरीस आली, आणि मंजुरीनंतर रक्कम वाढवण्याची अमेरिकी पद्धत येथे रुजली नाही. त्यामुळे शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी अमेरिकेत गेलेल्या मराठी माणसाला, मोबाइलवर संदेश आला तो आकडा अंतिमच, असे सवयीने वाटते. तेथे तो अंतिम नसतो. शिवाय भारतीय कार्ड परदेशी यंत्रावर पिनविना चालू शकते. भारतीय बँकेच्या विवरणपत्रात ही रक्कम रुपयांत रूपांतरित होऊन येते, म्हणून वर सांगितलेली अंकांची खूण पाहायची असेल, तर डॉलरांत दाखवलेल्या मूळ रकमेत पाहावी लागते.

भारतातील वाद टिपपेक्षा सेवाशुल्काबाबत अधिक झाला आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी, उपाहारगृहांनी बिलात सेवाशुल्क आपोआप मिळवू नये, असे मार्गदर्शक नियम काढले. उपाहारगृहांच्या संघटनांनी त्यांना आव्हान दिले, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये हे नियम कायम केले. बिलात असे शुल्क दिसल्यास ते काढून टाकण्यास सांगता येते.

कार्डावरील अनधिकृत व्यवहारांसाठीचे नियम भारतीय रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिले. दोष बँकेचा किंवा ग्राहकाचा नसून तिसऱ्याच ठिकाणी असेल आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने कळवले, तर त्याच्यावर कोणतेही दायित्व येत नाही. चार ते सात दिवसांत कळवल्यास ते मर्यादित राहते, त्यानंतर बँकेच्या धोरणानुसार ठरते. बिलाच्या आकड्याबाबत वाद असेल तर रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांनुसार बँकेने तक्रारीपासून ३० दिवसांत खुलासा आणि आवश्यक तेथे कागदोपत्री पुरावा देणे बंधनकारक आहे. अमेरिकेतील ६० दिवसांच्या मुदतीची सवय झालेल्या आणि भारतीय कार्ड वापरणाऱ्या प्रवाशाने तीन दिवसांची ही मुदत विसरू नये, कारण त्याच्या कार्डाला भारतीय नियम लागू होतात.